थांबला तो आणि पळाला तो

टीव्हीवर बातमी लागली तेव्हा आम्ही जेवायला बसलेलो. अपघात करून ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला आणि माणूस दगावला, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग, असा नवीन कायदा येतोय, असं ती निवेदिका सांगत होती. मागे संसदेचं चित्र. बाकं बरीचशी रिकामी. माझ्या वडिलांनी घास तसाच ठेवून टाळी वाजवली. "शाब्बास! उशिरा का होईना, कोणाला तरी अक्कल आली."

पुढच्या क्षणी माझ्या नवऱ्याचं ताट भिंतीवर आदळलं. वरण कॅलेंडरवरून ओघळायला लागलं. तो हात न धुता उठला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेला.

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "मी काय वाईट बोललो?"

मी भिंत पुसायला घेतली. दोघांचंही खरं होतं आणि ते मला दोघांपेक्षा जास्त माहीत होतं.

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर. खोपटच्या डेपोतून त्यांनी आयुष्यभर गाडी काढली. घाट, पाऊस, धुकं, सगळ्यातून. त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं ते सांगायचे आणि डेपोतले लोकही तेच सांगायचे. आई गेल्यावर ते कळव्याच्या चाळीतली खोली बंद करून आमच्याकडे कल्याण पूर्वेला राहायला आले. नवरा पेट्रोलचा टँकर चालवतो. दोघं ड्रायव्हर, त्यामुळे सुरुवातीला मजा असायची. संध्याकाळी गॅलरीत बसून कुठल्या वळणावर कुठला गिअर यावर वाद घालायचे. माझा नवरा त्यांना मामा म्हणायचा आणि ते त्याला 'आमचा पायलट'.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. सकाळी स्कूटरवरून घरोघरी जाते. लग्न झालं तेव्हा मी शिकत होते आणि सराव नवऱ्याच्या हातावर करायचे. तो दंडाला दुपट्टा बांधून बसायचा आणि मी शीर शोधायचे. हे सांगायचं कारण वेगळं आहे. भिवंडीच्या रस्त्यावर त्याला लोकांनी मारलं, तेव्हा हॉस्पिटलात खाटेवर जो माणूस मला दाखवला, त्याचा चेहरा मला ओळखता आला नव्हता. डोळे बुजलेले, ओठ फाटलेला, डोक्याचा एक भाग नुसता सुजेचा गोळा. नर्स म्हणाली, बघा, तुमचेच आहेत का. मी हात हातात घेतला. कोपराच्या खोबणीत ती शीर जराशी आडवी जाते. तो माझा नवरा होता.

तो थांबला होता, हे लक्षात ठेवा. भर दुपारी दुभाजकाच्या फटीतून एक सायकलवाला एकदम आडवा आला. याने ब्रेक दाबला, टँकर कडेला घेतला, धोक्याचे दिवे लावले, खाली उतरला आणि त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी द्या, रिक्षा थांबवा, असं ओरडत होता. तो माणूस त्याच्या मांडीवरच गेला. मग पाठीमागून पहिला दगड बसला. मग लोखंडी पाइप. कोणीतरी त्याच्याच टँकरमधला जॅकचा रॉड काढून आणला. डावा कान गेला तो गेलाच. हाताची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. पोलीस आले तेव्हा मारणारे चहा पीत उभे होते, असं त्यालाच आठवतं. गुन्हा दाखल झाला तो त्याच्यावर. कोर्टाच्या तारखा करता करता डोक्यावरचे केस पिकले आणि शेवटी कोर्ट म्हणालं, याची चूक नव्हती. ज्यांनी मारलं ते 'अज्ञात जमाव'. त्यांचं पुढे काहीच झालं नाही.

आता दुसरी बाजू.

माझा धाकटा भाऊ एका गोदामात कामाला होता. पहाटेची पाळी संपवून मोटरसायकलने घरी येत होता. शिळफाट्याच्या रस्त्यावर त्याला डंपरने मागून उडवलं. डंपर असावा, असं टायरच्या खुणांवरून पोलीस म्हणाले. नक्की कोणालाच माहीत नाही, कारण तो थांबला नाही. पुढचं चाक भावाच्या कमरेवरून गेलेलं. तो लगेच गेला नाही. उजाडलं, गाड्या सुरू झाल्या, लोक बाजूने वळसा घालून जात राहिले. डॉक्टर नंतर बाबांना म्हणाले, लवकर आणला असता तर काहीतरी करता आलं असतं. डॉक्टरांनी ते वाक्य बोलायला नको होतं. त्या वाक्याने माझ्या वडिलांना आतून खाल्लं.

ते महिनोन् महिने त्या रस्त्यावर जायचे. चहाच्या टपरीवर, पंक्चरवाल्याकडे, गॅरेजमध्ये विचारायचे, पुढचा बंपर चेपलेला डंपर बघितला का. एकदा त्यांनी एका डंपरवाल्याची कॉलर धरून एक ठेवून दिली आणि त्याने यांना ढकलून दिलं. कपाळ फुटून घरी आले. चौकीत साहेब म्हणाले, "काका, गाडीचा नंबर द्या, बाकी आम्ही बघतो." नंबर असता तर ते चौकीत गेलेच नसते, असं मला वाटतं.

भाऊ गेल्यानंतर गॅलरीतल्या गप्पा बंद झाल्या. नवऱ्याने टँकर बाहेर काढला की बाबा तोंड फिरवायचे. त्याने काही केलं नव्हतं, पण बाबांच्या लेखी तो त्या डंपरवाल्याच्या जातीचा झाला होता. आणि नवरा बाबांना काही बोलायचा नाही, कारण पोरगा गेलेल्या माणसाला काय बोलणार. असं आमचं घर चाललेलं, आणि त्यात हा कायदा आला.

आमच्या घरात देशाचे निर्णय असेच येतात. टीव्हीवरून, जेवताना. नोटा बंद झाल्या तेव्हा असंच, सगळं बंद झालं तेव्हाही असंच. कोणीतरी कुठेतरी ठरवतो आणि आमच्या ताटात येऊन पडतं. ज्याचा पोरगा रस्त्यावर मेला त्याला कोणी विचारलं नव्हतं. जो थांबून मार खाऊन आला त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. दोघंही माझ्याच घरात बसलेले होते. ठरवणारे एक कप चहा प्यायला आले असते तरी कळलं असतं.

त्या रात्री नवरा परत आला आणि दारातच म्हणाला, "मामा, एक सांगा. भिवंडीला मी पळालो असतो तर आज दोन्ही कान शाबूत असते. थांबलो म्हणून मेलो. आता पळालो तर दहा वर्षं. मी काय करू?"

बाबा म्हणाले, "थांबायचं. दुसरं काय? माणूस आहेस ना?"

"मग लोक मारतील."

"मारतात. म्हणून माझ्या पोराला तसाच टाकून जायचा?"

"तुमच्या पोराला मी नाही मारला!" नवरा एवढ्या जोरात ओरडला की शेजारची कडी वाजली. बाबांनी हातातला स्टीलचा तांब्या फेकला. तो त्याच्या खांद्याला लागून दारावर आपटला. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि तोंडाला येईल ते ओरडले. काय ते आता आठवत नाही. शेवटी दोघंही गप्प बसले, ते माझा आवाज फुटला म्हणून.

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या. ट्रक, टँकर, सगळंच. दंडाचा आकडा प्रत्येकाच्या तोंडी वेगळा होता. कोणी म्हणायचं सात लाख, कोणी दहा. खरा कायदा कोणीच वाचलेला नव्हता, मोबाइलवर जे आलं तेच सगळे पुढे ढकलत होते. संध्याकाळपर्यंत पेट्रोल संपणार, अशी हाकाटी उठली आणि पंपांवर जत्रा भरली. नवरा काटई नाक्याजवळच्या एका पंपासमोर बाकी ड्रायव्हरांबरोबर बसलेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरमध्ये जेमतेम पंपापर्यंत जाण्यापुरतं पेट्रोल उरलं. स्कूटर नाही तर माझं काम नाही. मी म्हटलं, त्याच पंपावर जाते, नवऱ्याला डबाही होईल. बाबा म्हणाले, "मी येतो. रांगेत उभा राहीन, तू डबा देऊन ये." नवऱ्याच्या डब्यासाठी ते येत होते, याचं मला नवल वाटलं.

पंपावर रांग कुठून सुरू होते ते कळत नव्हतं. लोक बाटल्या, कॅन, पाण्याचे जार घेऊन आलेले. एक बाई पेट्रोलसाठी प्रेशर कुकर घेऊन आलेली. रिक्षावाले आणि बाइकवाले एकमेकांच्या आईबहिणीवरून बोलत होते. आमच्या डोळ्यांदेखत दोघांनी हेल्मेटने एकमेकांची डोकी फोडली, आणि त्यातला एक रक्त पुसत परत आपल्या जागेवर येऊन उभा राहिला, जागा जाईल म्हणून. पंपावरचे कामगार आतल्या केबिनला कुलूप लावून बसलेले. रस्त्याच्या पलीकडे संपवाले. त्यांनी दोन टायर पेटवले होते. काळा धूर सरळ आमच्या तोंडावर येत होता.

मी नवऱ्याला डबा दिला. त्याने विचारलं, "मामा आलेत?"

"रांगेत आहेत."

"त्यांना घरी घेऊन जा. इथलं वातावरण बरं नाही. काही पोरं दारू पिऊन आलीत, ती ड्रायव्हर पण नाहीत."

मी वळले, तेवढ्यात सायरन वाजला. पोलिसांची जीप आली आणि तिच्या मागून पेट्रोलचा टँकर. भरलेला. पंपावरच्या लोकांनी आनंदाने आरडाओरडा केला आणि पलीकडच्या लोकांनी शिव्या. संपवाल्यांतले काही जण टँकरसमोर जाऊन बसले. जीप पुढे निघून गेली, टँकर मागे अडकला. पोलीस उतरून परत येईपर्यंत दगड सुरू झाले.

पुढच्या काचेला एक मोठा दगड लागला आणि काच तडकून पांढरी झाली. आतल्या माणसाला समोरचं दिसेना. त्याने स्टिअरिंग डावीकडे ओढलं असणार. टँकरची डावी बाजू पंपाच्या रांगेत घुसली. एक बाइक आडवी झाली, आणि बाइकखाली तिच्यावरचा माणूस. त्याचा पाय कसा वळला ते मी बघितलं. तो आवाज काढत नव्हता, नुसतं तोंड उघडं.

"उडवला! उडवला!"

आणि तो ड्रायव्हर थांबला. इंजिन चालूच ठेवून, हँडब्रेक ओढून तो खाली उतरला. बारीक अंगाचा, गळ्यात गमछा. "भाई, हटो, देखने दो, उसको निकालो पहले," असं म्हणत तो वाकला. बाइक उचलायला त्याने हात घातला होता. एवढंच त्याला करता आलं.

पहिली लाथ पंपाच्या बाजूने आली की संपवाल्यांच्या बाजूने, ते मला सांगता येणार नाही. नंतर दोन्ही बाजू एकच झाल्या. घटकेपूर्वी एकमेकांना शिव्या देणारे लोक खांद्याला खांदा लावून मारत होते. एकाला तो संप फोडतो म्हणून मारायचा होता, दुसऱ्याला त्याने माणूस उडवला म्हणून, तिसऱ्याला काल सकाळपासून पेट्रोल मिळालं नाही म्हणून. ती बाई कुकरचं झाकण घेऊन मारत होती. मी ते बघितलंय. चांगल्या घरची बाई वाटत होती.

गर्दीत माझा नवरा घुसला. त्याने त्या ड्रायव्हरवर स्वतःला झोकून दिलं. कोंबडी पिल्लांवर बसते तसा. "मारू नका, थांबलाय तो, अरे थांबलाय तो!" एवढंच तो ओरडत होता. त्याच्या पाठीवर, मानेवर, बऱ्या कानावर लाथा बसत होत्या. मी त्याच्याकडे धावले तर कोणीतरी मला केसाला धरून मागे फेकलं. मी डांबरावर पडले आणि पडल्या पडल्या मला दिसलं की एक पोरगेला माणूस बांबूने पेटता टायर ढकलत टँकरकडे आणतोय. हसत होता.

मला वाटलं संपलं. भरलेला टँकर, पेट्रोल पंप आणि एवढी माणसं.

मग टँकर हलला.

मी वर बघितलं तर ड्रायव्हरच्या सीटवर माझे वडील. स्कूटर सोडून ते केव्हा निघाले, एवढ्या उंचीवर कसे चढले, मला माहीत नाही. घरात खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावणारा माणूस. काच पांढरी होती म्हणून त्यांनी कोपराने मारून समोर भोक पाडलं होतं आणि त्यातून बघत होते. हॉर्नवरचा हात काढला नाही. आधी टँकर मागे घेतला, त्या बाइकखालच्या माणसापासून अलगद बाजूला, आणि मग वळवून रस्त्याला लावला. समोर बसलेले उठून पळाले.

लोकांना एवढंच दिसलं की टँकर चाललाय.

"पळतोय! पळतोय साला! मारा!"

दगडांचा पाऊस पडला. बाजूची काच फुटली. टँकर थांबला नाही. पुढच्या वळणावरून मोकळ्या जागेच्या दिशेने गेला आणि दिसेनासा झाला. जळता टायर पंपासमोरच्या रस्त्यावर कडेला जाऊन पडला.

मग लाठीमार झाला. पोलिसांना तोवर जास्तीची कुमक मिळाली होती. त्यांनी कोण मारतंय आणि कोण मार खातंय हे बघितलं नाही. माझ्या पाठीवर काठी बसली तेव्हा मला आधी आवाज ऐकू आला आणि मग कळलं की तो माझ्या पाठीतून आलाय. नवऱ्याला आणि त्या ड्रायव्हरला एकाच रिक्षात घालून कोणीतरी हॉस्पिटलात नेलं. बाइकवाल्याला पोलिसांच्या जीपमधून. मी बाबांना शोधत त्या वळणाच्या दिशेने पळाले.

ते मला चौकीत सापडले. बाकावर बसलेले, चेहऱ्याची उजवी बाजू रक्ताने माखलेली. हाताला दोरी. गाडी सुरक्षित उभी करून, बॅटरीचा मेन स्विच बंद करून ते स्वतःच चालत चौकीकडे निघाले होते. वाटेतच पोलिसांनी पकडलं.

साहेबांना मी म्हटलं, "हे माझे वडील आहेत. यांनी गाडी वाचवली. ड्रायव्हर वेगळा आहे."

"ताई, सगळे तेच सांगतात. पब्लिकने ओळखलंय. माणूस उडवला आणि पळून चाललेला."

"अहो, यांचं वय तरी बघा!"

"वयाचं काय घेऊन बसलात? गाडी यांच्या हातात होती ना?"

बाबा काहीच बोलत नव्हते. मी रुमाल त्यांच्या डोळ्यावर दाबला तर त्यांनी माझा हात धरला. "त्या माणसाचं काय झालं? बाइकखालच्या?"

"जिवंत आहे बाबा."

"मी चाक त्याच्या अंगावरून नाही नेलं. बघून मागे घेतली."

तेवढ्यात त्या बाइकवाल्याचे नातेवाईक आले. तिघं होते. दारातच कोणीतरी त्यांना सांगितलं असणार, हाच तो पळालेला. एकाने सरळ बाबांच्या थोबाडीत मारली. पोलीस चौकीत, पोलिसांच्या समोर, दोरी बांधलेल्या म्हाताऱ्याच्या. "पळतो काय, हरामखोर! माणसाला टाकून पळतो!" बाबांचा चष्मा केव्हाच गेला होता, आता त्यांची कवळी खाली पडली. मी त्या माणसाच्या दंडाला चावले. खरंच चावले, रक्त येईपर्यंत. एरवी रक्त काढायला मी सुई वापरते. हवालदारांनी मला ओढून काढलं.

बाबा खाली वाकून, बांधलेल्या हातांनी कवळी शोधत होते. ती मिळाल्यावर त्यांनी सदऱ्याला पुसली आणि त्या माणसाला म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही मारलं असतं. मी मारलंय एकाला."

बाबा कुठल्या डंपरवाल्याबद्दल बोलत होते ते त्याला काय माहीत. पण त्याचा हात पुन्हा उठला नाही.

संध्याकाळी पंपावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण आलं तेव्हा दोरी सुटली. साहेबांनी चहा मागवला. "काका, आधी बोलायचं नाही का?" म्हणाले. बाबांनी चहा घेतला नाही.

त्यांचा उजवा डोळा गेला. काचेचा तुकडा आत खोल गेलेला, आणि बाकावर बसवून ठेवल्यामुळे उशीरही झाला. लवकर आणलं असतं तर, असं इथेही डॉक्टर म्हणाले. या वेळी बाबांनी नुसती मान हलवली.

नवऱ्याच्या बरगड्या मोडल्या. दुसरा कान वाचला. शेजारच्या खाटेवर तो टँकरवाला होता, जबडा तारेने बांधलेला. त्याला बोलता येत नव्हतं. नवऱ्याने मोबाइलवरून त्याच्या गावी फोन लावून दिला आणि त्याची बायको पलीकडून रडत होती, हा इकडून नुसता हुं हुं करत होता. बरा झाल्यावर तो आपल्या गावी निघून गेला. ड्रायव्हिंग सोडलं, असं नंतर कळलं. त्याला मारणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. आरोपी, अज्ञात जमाव. त्या चित्रणात सगळ्यांचे चेहरे होते, कुकरवालीचासुद्धा. पण माझ्या वडिलांना सोडण्यापुरतंच ते चित्रण कामाला आलं.

संप मिटल्याची बातमी आम्ही हॉस्पिटलातल्या टीव्हीवर बघितली. ड्रायव्हरांशी बोलल्याशिवाय ते कलम लागू करणार नाही, असं दिल्लीत ठरलं म्हणे. वॉर्डातले दोनतीन जण खूश झाले. काही आठवड्यांनी परत बातमी आली की नवे कायदे येणार, पण तेवढं एक कलम सोडून. बाबा एका डोळ्याने पेपर वाचत होते. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "सोडून म्हणजे काय? रद्द केलं?"

"रद्द नाही, मामा. बाजूला ठेवलंय."

"मग पळणाऱ्याला शिक्षा वाढली की नाही?"

"नाही."

"आणि थांबणाऱ्याला मारणाऱ्यांचं काय?"

"त्याचं कोणी बोललंच नाही."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. उठून गॅलरीत जाऊन बसले. मग म्हणाले, "माझ्या पोरासाठी पण नाही आणि तुझ्यासाठी पण नाही. मग केला कशाला?" नवरा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. भाऊ गेल्यापासून ते असे शेजारी बसलेले मी बघितले नव्हते.

उन्हाळ्यात निवडणुकीचे प्रचारवाले आले. ढोल खाली, माणसं वर. पुढचा माणूस पन्नाशीचा, गळ्यात उपरणं. हात जोडून म्हणाला, "लक्ष असू द्या, काका." बाबांनी त्याला शांतपणे विचारलं, "ड्रायव्हरांचं ते कलम तुम्ही बाजूला का ठेवलं? आणि ठेवायचं होतं तर आणलं का?"

तो म्हणाला, "काका, ते वरचं असतं. तुम्ही इथलं बोला. पाणी येतं का वेळेवर?" मग त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "डोळ्याचं काय झालं? आपलं मोफत शिबिर आहे पुढच्या रविवारी, मोतीबिंदूचं. नाव लिहून घेऊ?"

मला पुढचं नीट सांगता येत नाही. मी त्याचं उपरणं धरलं आणि त्याला भिंतीवर आपटलं. एकदा नाही. कानाखाली मारली. त्याच्या बरोबरचे लोक ओरडत होते, नवरा मागून माझी कंबर धरून ओढत होता, आणि मी त्या माणसाला सांगत होते की हा मोतीबिंदू नाही, हा तुमचा कायदा आहे, नीट बघ. त्याच्या नाकातून रक्त आलं.

तो घाबरला नव्हता, दमलेला दिसत होता. नाक पुसत म्हणाला, "ताई, मला मारून काय होणार? मला पण कोणी विचारत नाही."

ते खोटं नव्हतं. ज्यांनी ठरवलं ते आमच्या जिन्यावर कधीच येणार नव्हते. म्हणून हाताला लागेल त्याला मारायचं, आणि त्या पंपावर सगळ्यांनी तेच केलं होतं. मी त्याला आत बसवलं, जखम साफ केली, कापूस लावला. त्याने तक्रार केली नाही. जाताना पत्रक मात्र टीपॉयवर ठेवून गेला.

नवरा अजून टँकरच चालवतो. दुसरं त्याला काही येत नाही. पावसाळ्यानंतर तो पहिल्यांदा भिवंडीच्या त्याच रस्त्याने जाणार होता. सकाळी निघताना मी विचारलं, "समज, काही झालंच, तर थांबशील?"

त्याने बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "माहीत नाही गं."

बाबा आतून आले. म्हणाले, "उतरायचं नाही. काच वर, दारं लॉक. पोलिसांना एकशे बाराला फोन लाव, जागा सांग, आणि गाडी सरळ पहिल्या चौकीत ने. मागे वळून बघायचं नाही."

"मामा, आणि तो पडलेला माणूस?"

बाबा दाराची चौकट धरून उभे राहिले. मग त्यांनी चौकटीवरचा हात काढला आणि आत गेले. नवरा थोडा वेळ तिथेच थांबला. मग किल्ली घेतली आणि खाली उतरला.